क्रीम ग्रेव्हीत फाटतं, केकवर उभं राहत नाही: चूक नेमकी कुठे होते?

पनीर मखनीची ग्रेव्ही छान शिजलेली असते, शेवटी क्रीम घातलं की दोन मिनिटांत पांढरे कण वर येतात. किंवा 'फ्रेश क्रीम' असं वाचून पाकीट आणलं, अर्धा तास बीटर फिरवला, तरी भांड्यात ताकासारखं पातळच. या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, आणि दर वेळी दोष गॅसला, बीटरला नाहीतर ब्रँडला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्या कामाचं क्रीम वेगळं होतं आणि हातात दुसरंच होतं.

पुण्यातल्या एखाद्या डेअरीत किंवा किराणा दुकानात नुसतं 'क्रीम द्या' म्हटलं, तर पाच वेगवेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही मिळू शकते. टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम, हॉटेलवाल्यांसाठीचं कुकिंग क्रीम, डेअरी व्हिपिंग क्रीम, केकवाल्यांचं गोठवलेलं नॉन-डेअरी क्रीम, आणि डेअरीत सेपरेटरवर काढलेलं सुटं क्रीम. सहावी घरची साय. रंगाने सगळी सारखीच पांढरी, पण आच, आंबटपणा आणि बीटर यांच्यापुढे प्रत्येकाचं वागणं निराळं.

आधी पाकीट उलटं करा

पुढच्या बाजूचं नाव वाचून काही कळत नाही. मागे 'मिल्क फॅट' किती टक्के लिहिलंय ते बघा. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं, बाजारातली बाकीची फ्रेश क्रीमही साधारण २० ते २५ टक्क्यांतलीच. डेअरी व्हिपिंग क्रीम ३० ते ३५ टक्क्यांचं. हा पाच-दहा टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण क्रीम फेटलं जाणार की नाही हे तिथेच ठरतं.

घटकांच्या यादीत 'मिल्क फॅट' किंवा 'क्रीम' यांच्याऐवजी पाणी, हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल आणि साखर दिसली, तर ते नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग आहे. त्यात साखर आधीच असते. भाजीत घालायचं नाही, मग घरात दुसरं काही नसलं तरीही. ग्रेव्ही गोड होते आणि टाळूला मेणासारखा थर राहतो.

यादीत ४०७ किंवा ४१५ असे आकडे दिसले म्हणून दचकू नका. ४०७ म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन, ४१५ म्हणजे झँथन गम. क्रीमचं पाणी वेगळं होऊ नये म्हणून ते घालतात. कुकिंग क्रीममध्ये असे घटक जास्त असतात, कधी स्टार्चही असतं, म्हणून ते टोमॅटोच्या उकळीतही बऱ्यापैकी टिकतं. मात्र फेटायला ते निरुपयोगी.

ग्रेव्हीत फाटलं: आधी दोन बोटांत घेऊन बघा

'फाटलं' या एका शब्दाखाली दोन वेगळे बिघाड येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. वर आलेला पांढरा कण चिमटीत घेऊन चोळा. विरघळून बोटं तुपकट झाली, तर फॅट सुटलेलं आहे. कण रबरासारखा, पनीरच्या चुऱ्यासारखा लागला, तर प्रथिन साकळलेलं आहे.

फॅट सुटणं सोपं प्रकरण आहे. क्रीम घातल्यावर ग्रेव्ही खूप वेळ उकळली किंवा आटून फार घट्ट झाली की पाणी कमी पडतं आणि फॅट धरून ठेवणारं काही उरत नाही. वर पिवळसर तवंग येतो. गॅस बंद करून एकेक मोठा चमचा गरम पाणी घाला आणि प्रत्येक चमच्यामागे व्हिस्कने जोरात फेटा. दोन-तीन चमच्यांत ग्रेव्ही पुन्हा एकजीव होते.

प्रथिन साकळणं मात्र उलटं फिरत नाही, जसं पनीरचं पुन्हा दूध होत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट. दुधातलं केसीन हे प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास साकळतं, आणि गरम असताना त्याच्या आधीच. टोमॅटोचा पीएच साधारण ४.२ ते ४.६ असतो. म्हणजे टोमॅटोच्या उकळत्या ग्रेव्हीत क्रीम ओतणं हे पनीर करण्याच्या कृतीपासून फार लांब नाही. क्रीममध्ये फॅट जितकं जास्त तितकं केसीन कमी, म्हणून ३५ टक्क्यांचं क्रीम उकळी सोसतं, २५ टक्क्यांचं कधी सोसतं कधी नाही, आणि क्रीम संपलं म्हणून घातलेलं दूध हमखास फाटतं.

चार माणसांच्या ग्रेव्हीचं, म्हणजे अर्धा किलो टोमॅटोचं, गणित असं. टोमॅटो-कांद्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. कच्च्या टोमॅटोत क्रीम घातलं तर निम्मा धोका तिथेच पत्करला. दहा-बारा काजू भिजवून, अगदी गंधासारखे वाटून क्रीमच्या आधी घाला. काजूतला स्टार्च आणि प्रथिनं ग्रेव्ही धरून ठेवतात. टोमॅटो फारच आंबट असतील तर चिमूटभर, म्हणजे एक अष्टमांश चहाचा चमचा खायचा सोडा घालून फेस बसू द्या. इथे बरेच जण साखर घालतात. साखरेने चव बदलते, आम्लता कमी होत नाही, त्यामुळे क्रीम वाचायला तिचा उपयोग शून्य.

आता गॅस बारीक करा आणि ग्रेव्हीचं खदखदणं थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबा. चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिली क्रीम वाटीत काढून ठेवलेलं असावं, फ्रीजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी. त्या वाटीत गरम ग्रेव्हीचे दोन-तीन चमचे एकेक करून मिसळा, मग वाटीतलं सगळं कढईत. ढवळून एक मिनिटभर ठेवा आणि गॅस बंद. पुन्हा उकळी आणायची नाही. लिंबू किंवा आमचूर लागणारच असेल तर ते क्रीमच्या आधी, मसाल्यांबरोबर. क्रीमनंतर वरून पिळलेल्या लिंबाने जमलेल्या ग्रेव्ह्या फाटतात, आणि दोष क्रीमवर येतो. कसुरी मेथी केव्हाही चालते.

इतकं करूनही कण आले, तर ग्रेव्ही कोमट होऊ द्या, पनीर किंवा भाज्या बाजूला काढा आणि पाच-सहा भिजवलेले काजू घालून मिक्सरमधून फिरवा. कण मोडून बारीक होतात आणि काजू त्यांना सांभाळून घेतो. मूळचा रेशमीपणा येत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवता येते. गरम ग्रेव्ही मिक्सरच्या बंद भांड्यात कधीही घालू नका, वाफेने झाकण उडतं.

डबा घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सकाळची क्रीमची भाजी दुपारी मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण जोरावर गरम केली की फाटते. निम्म्या पॉवरवर ठेवा, मध्ये एकदा ढवळा.

साय वापरता, मग कण येणारच

घरची साय म्हणजे क्रीम आणि तापल्यावर साकळलेलं प्रथिन यांचा एकत्र थर. तो मुळातच रवाळ असतो. शिवाय त्यातलं फॅट कारखान्यातल्या क्रीमसारखं बारीक फोडून स्थिर केलेलं नसतं, त्यामुळे कढईत पडलं की ते तूप होऊन वर येतं. कुर्म्यात, दाल मखनीत, कोफ्त्यात हे उलट छान लागतं. व्हाइट सॉसमध्ये किंवा सूपमध्ये डोळ्यांनाही खुपतं आणि जिभेलाही.

सायीची गुळगुळीत पेस्ट हवी असेल तर थंडगार साय घ्या. दोन मोठे चमचे साय, दोन मोठे चमचे थंड दूध, आणि हाताच्या व्हिस्कने फेटणं. घाईने मिक्सर लावायचाच असेल तर बटण एक-एक सेकंद दाबा, तीन-चार वेळा, बस. त्यापुढे गेलात की लोणी निघतं. मग गाळणीतून एकदा दाबून घ्या.

'दुधावर साय धरत नाही' ही तक्रार दुधाच्या पिशवीकडे बोट दाखवते. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५, फुल क्रीममध्ये ६. पुण्यात चितळे असो की कात्रज, गाईच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पिशव्या वेगळ्या मिळतात आणि सायीसाठी म्हशीचीच घ्यायची. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलं असेल तर फॅट जास्त असूनही साय पातळ येते, कारण फॅटचे गोळे इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगत नाहीत. तापवण्याची पद्धतही बघा. दूध वर आल्यावर गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग पातेलं न हलवता, जाळीच्या झाकणाखाली निवू द्या. पूर्ण निवाल्यावर फ्रीजमध्ये, तेही न ढवळता. गरम दुधावर गच्च झाकण घातलं की वाफेचं पाणी सायीवर पडतं आणि थर मोडतो.

साठवलेली साय कडू होणं हा वेगळाच विषय आहे, आणि यात खूप चांगली साय वाया जाते. फ्रीजच्या थंडीतही काही जिवाणू वाढत राहतात. ते प्रथिन आणि फॅट तोडतात, त्यातून कडवट, खवट चव येते. ही चव तूप कढवलं तरी जात नाही. दोन रस्ते आहेत. भाजी-मिठाईला वापरायची साय तीन-चार दिवसांत संपवा. लोण्या-तुपासाठी साठवायची असेल तर पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर ताजं दही घालून विरजण लावा आणि डबा फ्रीजच्या फ्रीझरमध्ये ठेवा. रोजची साय त्यावर घालत जा. दह्याचा आंबटपणा आणि फ्रीझरची थंडी त्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. अशी विरजलेली साय ग्रेव्हीत घालायची नाही, ती फाटणारच. कुठली साय कशासाठी, हे डब्यावर चिठ्ठी लावून लिहिलेलं बरं.

डेअरीतलं सुटं क्रीम घेताना ते कच्च्या दुधाचं आहे की तापवलेल्या, हे विचारून घ्या. कच्च्याचं असेल तर मंद आचेवर, ढवळत, एक उकळी आणून झटकन थंड करा. त्यात फॅट किती, हे रोज बदलतं, म्हणून मोजून करायच्या पदार्थांना ते घेऊ नका. तूप, कुर्मा, मलई कोफ्ता यांना उत्तम.

फेटलं तरी घट्ट होत नाही

फेटताना क्रीममध्ये हवेचे बुडबुडे शिरतात आणि फॅटचे अर्धवट घट्ट गोळे एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. भिंतीला फॅट पुरेसं हवं, म्हणजे ३० टक्के तरी, आणि ते थंडीने कडक झालेलं हवं. २५ टक्क्यांच्या फ्रेश क्रीममध्ये पहिलीच अट पुरी होत नाही. ते थोडं दाट होतं, फ्रूट क्रीमपुरतं पुरतं, पण त्याचे उभे तुरे येत नाहीत. तास-तास बीटर फिरवूनही नाही.

त्यातल्या त्यात दाट हवं असेल तर पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये एकाच जागी उभं ठेवा, न हलवता. बऱ्याच पाकिटांत पातळ पाणी खाली बसतं. वरून कापून घट्ट भाग चमच्याने काढा, खालचं पाणी कणीक मळायला घ्या.

डेअरी व्हिपिंग क्रीम असूनही जमत नसेल तर कारण तापमान. एप्रिल-मे महिन्यात पुण्यातल्या स्वयंपाकघरात पारा ३५ च्या वर असतो. दुधाचं फॅट विशीच्या पुढच्या तापमानातच मऊ पडायला लागतं. क्रीम आदल्या रात्री फ्रीजच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. दारात नको, तिथलं तापमान दर उघडझाकीला चढतं. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. मोठ्या परातीत बर्फ, त्यावर मूठभर जाडं मीठ, आणि त्यात हे भांडं. पंखा बंद ठेवला तर बरं, गरम हवा थेट क्रीमवर येते.

२५० मिली क्रीमला दोन मोठे चमचे पिठीसाखर, तीही क्रीम जरा दाट झाल्यावर. मध्यम वेगावर साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात. बीटरच्या रेघा क्रीमवर टिकायला लागल्या की घड्याळ सोडून भांड्याकडे बघा. वेग कमी करा आणि दर दहा सेकंदांनी थांबून काडी उचला. टोक किंचित वाकून उभं राहिलं की झालं. डेअरी क्रीम साधारण दुप्पट फुगतं, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

पुढे गेलात तर क्रीम पिवळसर, दाणेदार दिसायला लागतं. लगेच बीटर बंद करा. न फेटलेलं थंड क्रीम दोन-तीन मोठे चमचे घालून हाताने, स्पॅच्युलाने हलकेच मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. पाणी सुटून गोळा झाला असेल तर आता ते लोणी आहे. साखर घातली नसेल तर पाणी निथळून पोळीवर लावा.

नॉन-डेअरी क्रीमचे बिघाड निराळे. ते उणे १८ अंशांवर साठवलेलं असतं आणि एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवलं की त्याची घडी बिघडते, फेटताना फुगतच नाही. बोहरी आळीतून केकचं सामान घेऊन दुपारच्या उन्हात कोथरूडपर्यंत दुचाकीवर आणलेलं पाकीट घरी येईपर्यंत निम्मं वितळलेलं असतं. ते परत फ्रीझरमध्ये टाकायचं नाही, सरळ फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत वापरायचं. शक्यतो थर्माकोलचा डबा न्या आणि हे सामान सगळ्यात शेवटी घ्या. लाइट चार-पाच तास गेले असतील तेव्हाही हाच नियम.

एक लिटरचं पाकीट फ्रीजमध्ये वितळायला १२ ते २४ तास लागतात. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नका. भांड्यात ओतताना बर्फाचे बारीक कण जाणवायला हवेत. दोन मिनिटं कमी वेगावर, मग मध्यम. तीन-चार पट फुगतं, म्हणून भांडं पाऊणच्या वर रिकामं हवं. उन्हाळ्यातल्या वाढदिवसाला केक तासभर बाहेर राहणार असेल तर हेच टिकतं, डेअरी क्रीम बसून जातं. चव मात्र डेअरी क्रीमचीच चांगली, आणि घरातल्या घरात कापायच्या केकला तेच वापरावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

फ्रूट क्रीमला पाणी सुटतं

हिवाळ्यात मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की हा प्रश्न येतोच. साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते. म्हणून साखर क्रीममध्ये घाला, फळांवर भुरभुरवू नका. फळं अख्खी धुवा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा, मग चिरा. संत्रं, अननस, किवी यांचं पाणी निथळून घ्या. कच्चा अननस आणि किवी यांच्यात प्रथिन तोडणारी एन्झाइम्स असतात, त्यामुळे क्रीम थोड्या वेळाने कडवट लागतं. अननस पाच मिनिटं साखरेत शिजवून गार करून घातला की ही अडचण जाते. किवी फक्त वाढताना वरून ठेवा. आणि सगळं एकत्र करायचं ते वाढायच्या अर्धा तास आधी, सकाळी नव्हे.

परदेशी कृतीतलं क्रीम इथे कसं जमवायचं

इंग्लंडच्या कृतीत 'सिंगल क्रीम' म्हणजे १८ टक्के, 'डबल क्रीम' म्हणजे ४८ टक्के. अमेरिकेचं 'हेवी क्रीम' म्हणजे किमान ३६. आपल्या २५ टक्क्यांच्या क्रीमचे दोन भाग आणि गाईच्या दुधाचा एक भाग मिसळला की सिंगल क्रीम झालं. दोन्ही समान घेतलं तर 'हाफ अँड हाफ'. हेवी क्रीम सॉसमध्ये घालायचं असेल तर २०० मिली फ्रेश क्रीम मंद आचेवर ढवळत १४० मिलीपर्यंत आटवा, फॅट ३६ टक्क्यांच्या आसपास येतं. हे फेटायला चालत नाही. फेटायचं असेल तर डेअरी व्हिपिंग क्रीमच आणा. डबल क्रीमला इथे थेट पर्याय नाही.

सावर क्रीमच्या जागी चक्का उत्तम: १०० ग्रॅम चक्का, तीन मोठे चमचे फ्रेश क्रीम, चिमूटभर मीठ. फक्त वरून घालायला; उकळत्या पदार्थात गेलं की फाटतं. उकळी सोसणारं आंबट क्रीम हवं असेल तर २०० मिली डेअरी व्हिपिंग क्रीम कोमट करून त्यात मोठा चमचाभर दही मिसळा आणि झाकून ठेवा. मे महिन्यात सहा-आठ तासांत विरजतं, डिसेंबरात बारा ते सोळा तास लागतात. विरजलं की फ्रीजमध्ये.

गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून केलेलं मिश्रण, फाटून तेल सुटलं तर चॉकलेट जास्त तापलेलं असतं किंवा क्रीम कमी पडलेलं असतं. मोठा चमचाभर कोमट दूध मध्यभागी घालून आधी तेवढाच भाग ढवळा, मग हळूहळू कडेपर्यंत या. केकवर ओतायला चॉकलेट आणि फ्रेश क्रीम समान वजनाने, लावायला चॉकलेट दुप्पट.

गुळाच्या खिरीत क्रीम घालणार असाल तर गूळ आणि क्रीम गॅसवर एकत्र येऊ देऊ नका. खीर कोमट झाल्यावर आधी गूळ विरघळवा, क्रीम त्यानंतर.

उघडलेलं फ्रेश क्रीम पाकिटातच ठेवलं तर कापलेल्या तोंडाशी आधी खराब होतं. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढा, कोरडाच चमचा घाला, चार दिवसांत संपवा. उरलंच तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वितळल्यावर ते रवाळ होतं, म्हणून या वड्या फक्त डाळीत आणि मसालेदार ग्रेव्हीत, तेही गॅस बारीक केल्यावर.